स्वत्व आणि ऋण

कॅलिफोर्नियातील समुद्रकिनाऱ्यावरच्या पॅसिफिक ग्रोव्ह या लहानशा गावी राहणाऱ्या गॅरी किल्डॉल नावाच्या प्राध्यापकाने १९७० च्या दशकात लहान संगणकांसाठी एक प्रणाली रचिली. पडद्यावर मजकूर उमटवावयाचा असेल तर प्रोग्रामने नऊ हा अंक सांगावा, आणि तो मजकूर कोठे संपतो हे डॉलरच्या चिन्हाने दाखवावे, असा संकेत त्याने तिच्यात ठरवून दिला. पुढे १९८१ साली आयबीएम या बलाढ्य कंपनीने आपला पहिला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्यासोबत विकली जाणारी प्रणाली दुसऱ्या इसमाने लिहिलेली होती आणि तिसऱ्याच कंपनीच्या मालकीची होती. पण तिच्याकडूनही मजकूर उमटवून घ्यावयाचा तर नऊ हाच अंक सांगावा लागे आणि मजकुराच्या अखेरीस डॉलरचेच चिन्ह असावे लागे. या दुसऱ्या प्रणालीच्या कर्त्याने किल्डॉलच्या लिखाणातील एकही ओळ उतरवून घेतल्याचे कधी सिद्ध झाले नाही, आणि तसे काही केल्याचे त्याने नेहमीच नाकारले. मग एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेले ते नेमके काय, आणि ते मुळात कोणाचे होते? हा प्रश्न वरकरणी कायद्याचा दिसतो, परंतु तो कायद्याहून पुष्कळ जुना आहे, आणि आपल्याकडील धर्मशास्त्रकारांनी व नैयायिकांनी त्याच्या मुळाशी असलेल्या कल्पनांचा जो खल केला आहे, त्याच्या साह्याने तो अधिक स्वच्छ दिसू शकेल अशी माझी धारणा आहे.

किल्डॉलचा जन्म १९४२ साली सिअ‍ॅटल येथे झाला. त्याच्या घराण्याची नौकानयनशास्त्र शिकविणारी एक शाळा होती आणि तरुणपणी त्याने तेथे अध्यापनही केले होते, तेव्हा शिक्षकाची वृत्ती त्याच्याकडे वारशानेच आली असे म्हणावयास हरकत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठात शिकून तो मॉन्टरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात संगणकशास्त्र शिकवू लागला. १९७१ साली इंटेल कंपनीने ४००४ हा सूक्ष्मप्रक्रियक बाहेर काढला, आणि ज्या वस्तूकडे बहुतेक अभियंते रहदारीचे दिवे अगर गणनयंत्रे चालविण्याचे साधन म्हणून पाहत होते, तिच्यात किल्डॉलला एक संपूर्ण संगणक दिसला. तो इंटेलचा सल्लागार झाला. त्या चिमुकल्या प्रक्रियकांसाठी त्याने पीएल/एम ही भाषा रचिली. आणि मोठ्या संगणकाकडून त्या प्रक्रियकाची हुबेहूब नक्कल करून घेणारे प्रोग्रामही लिहिले. पुढे शुगार्ट कंपनीची एक जुनी फ्लॉपी डिस्क ड्राइव्ह त्याच्या हाती आली, परंतु तिला संगणकाशी जोडणारे मंडल बांधणे हे काही त्याचे काम नव्हते. ते जॉन टोरोडी या त्याच्या विद्यापीठातील स्नेह्याने बांधून दिले आणि १९७४ साली ती प्रणाली प्रथम चालू झाली. तिचे नाव सीपी/एम. ती त्याने इंटेलपुढे ठेविली असता इंटेलने ती घेतली नाही, आणि पत्नी डॉरोथी हिच्या साह्याने त्याने स्वतःच ती विकावयाचे ठरविले.

या प्रणालीची घडण थोडी समजून घेतल्याखेरीज पुढचा विचार नीट होणार नाही. एखाद्या जुन्या कचेरीत अर्जदार थेट दप्तरखान्यात शिरून रुमाल सोडू लागत नाही. तो ठरलेल्या खिडकीशी जाऊन ठरलेल्या रीतीने मागणी नोंदवितो, आणि आतल्या कपाटांची मांडणी कशी आहे हे त्याला ठाऊक असण्याचे कारणच पडत नाही. सीपी/एमची व्यवस्था याच जातीची होती. तिचे तीन विभाग होते: वापरणाऱ्याचा हुकूम ऐकून घेणारा, फाइलींचा व्यवहार पाहणारा, आणि प्रत्यक्ष यंत्राशी बोलणारा. मधल्या विभागाकडे कामे क्रमांकाने मागावयाची. फाइल उघडणे म्हणजे पंधरा, बंद करणे म्हणजे सोळा, पुढचा भाग वाचणे म्हणजे वीस. मागणारा प्रोग्राम स्मृतीतील पाचव्या पत्त्यावर जाऊन क्रमांक सांगे आणि काम होऊन येई.

प्रारंभी ही सारी रचना एकजीव होती, आणि प्रत्येक नव्या यंत्रासाठी तिच्यात जागोजागी फेरफार करावे लागत. इम्साय या संगणक बनविणाऱ्या कंपनीला आपल्या यंत्रांसाठी प्रणाली हवी होती, त्या निमित्ताने किल्डॉलने एक निर्णय घेतला, आणि माझ्या मते त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठा विचार तो हाच. यंत्रागणिक जे जे बदलते ते सारे त्याने एका लहान भागात वेगळे काढिले, त्याला बायोस हे नाव दिले, आणि उरलेला भाग कोणत्याही यंत्राचे नावसुद्धा न जाणणारा असा करून टाकिला. पुढच्या २.२ या आवृत्तीत बायोसकडे जाणारी दारे अवघी सतरा होती, आणि यंत्रनिरपेक्ष असा जो भाग होता त्याची लांबी साडेपाच किलोबाइट, म्हणजे छापील मजकुराच्या चारदोन पृष्ठांइतकी. नवे यंत्र बांधणाऱ्याने ती सतरा कामे आपल्या यंत्राला समजतील अशी लिहावी, की प्रणाली त्या यंत्रात नांदू लागे. आणि तिच्यासाठी लिहिलेले वर्डस्टार अथवा डीबेस यांसारखे प्रोग्राम, एकमेकांची तोंडेही न पाहिलेल्या कारखान्यांतून निघालेल्या यंत्रांवर, सारखेच चालू लागत. १९८१ साली निघालेला ऑस्बोर्न हा प्रवासात नेण्याजोगा संगणक असो, की मायक्रोसॉफ्टचे एक कार्ड बसवून ज्यात सीपी/एम चालविता येई तो अ‍ॅपल असो, शरीर निराळे आणि वागणूक एक असा तो प्रकार होता.

वेदान्ताचा परिचय असलेल्या वाचकाला येथे उपाधीची कल्पना आठवल्यावाचून राहणार नाही. एकच तत्त्व निरनिराळ्या उपाधींमुळे निरनिराळे भासते, उपाधी गळली की भेद गळतो, हे प्रतिपादन या रचनेला फार जवळचे वाटते. आणि तरीही मला ते येथे पूर्णपणे लागू पडते असे वाटत नाही. वेदान्तात उपाधी हे आवरण आहे आणि तत्त्वाला तिची गरज नाही. उलट सीपी/एमचा यंत्रनिरपेक्ष भाग बायोसवाचून एक अक्षरही उमटवू शकत नाही. त्यापेक्षा नैयायिकांची सामान्याची कल्पना येथे अधिक उपयोगी आहे. गोत्व ही जाती प्रत्येक गाईत समवायाने राहते, ती व्यक्तीवाचून कोठेही आढळत नाही, परंतु व्यक्ती अनेक असल्या तरी जाती एकच. किल्डॉलने जे साधिले ते हेच की, त्याने एका यंत्राची प्रणाली न लिहिता प्रणालीचे सामान्यच लिहून काढिले. आणि यातच त्याच्या पुढील दुःखाचे बीज होते. गाय मालकीची असू शकते, गोत्व मालकीचे असू शकत नाही. आपली कृती त्याने जितकी सामान्याच्या जवळ नेली तितकी ती त्याच्या मुठीतून सुटत गेली. ज्या गुणाने ती थोर झाली त्याच गुणाने ती कोणालाही धारण करता येण्याजोगी झाली.

ती प्रथम धारण केली सिअ‍ॅटल येथील टिम पॅटरसन याने. तो सिअ‍ॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या लहान कंपनीत कामास होता, त्या कंपनीने इंटेलच्या नव्या ८०८६ या प्रक्रियकावर आधारलेले यंत्र बांधले होते, आणि त्यासाठी सीपी/एमची आवृत्ती अजून तयार नव्हती. जुन्या प्रक्रियकासाठी लिहिलेले प्रोग्राम नव्या प्रक्रियकाच्या बोलीत उतरविण्याचे नियम इंटेलने प्रसिद्ध केले होते. पण असा उतरविलेला प्रोग्राम चालावयाचा तर त्याने उच्चारलेल्या क्रमांकाचा अर्थ नव्या ठिकाणी तोच असावयास हवा. म्हणून पॅटरसनने सीपी/एमची पुस्तिका पुढे ठेवून तेच क्रमांक, तेच अर्थ आणि प्रोग्राम स्मृतीत बसविण्याची तीच जागा राखून १९८० साली आपली प्रणाली लिहिली. आतली रचना मात्र सर्वस्वी तीच नव्हती. चकतीवर फाइली मांडण्याची पद्धत त्याने मायक्रोसॉफ्टच्या बेसिकमधील एका निराळ्या कल्पनेवरून घेतली होती. १९८१ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टने ती प्रणाली विकत घेतली, आणि त्याच वर्षी १२ ऑगस्टला आयबीएमचा संगणक तीसह जाहीर झाला. त्याआधी आयबीएमची माणसे पॅसिफिक ग्रोव्हला किल्डॉलकडेही गेली होती. गुप्ततेच्या करारनाम्यावरून तेथे काय घडले याविषयी उभय पक्षांच्या कथनांत मेळ नाही, आणि आपल्या प्रश्नाला त्याची फारशी आवश्यकताही नाही. किल्डॉलने नव्या प्रणालीचे साम्य पाहून आक्षेप घेतला, तेव्हा आयबीएमने त्याची सीपी/एम-८६ ही प्रणालीही विकावयाचे कबूल केले. प्रत्यक्षात नव्या प्रणालीची किंमत ४० डॉलर आणि सीपी/एम-८६ ची २४० डॉलर अशी पडली, आणि ग्राहकाने काय निवडले ते सर्वांस ठाऊक आहे.

ही चोरी होती काय? चोरी ठरावयाची तर आधी स्वत्व सिद्ध झाले पाहिजे, आणि स्वत्व म्हणजे काय हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने दायविभागाच्या आरंभीच त्याची चर्चा केली आहे. स्वत्व हे शास्त्राने उत्पन्न होणारे आहे की लोकव्यवहाराने, असा तेथे वाद आहे, आणि विज्ञानेश्वराचा निर्णय स्वत्व लौकिक आहे असा आहे. कारण ज्यांना शास्त्राचा गंधही नाही असे लोकही खरेदी-विक्री करीत असतात आणि त्यांच्यातही माझे-तुझे असतेच. पुढे नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणीने तर याहून धाडसाची भूमिका घेतली: यथेष्ट उपयोग करण्याची पात्रता म्हणजे स्वत्व या व्याख्येने काम भागत नाही, तर स्वत्व हा एक स्वतंत्र पदार्थच मानावा लागतो, असे त्याने प्रतिपादिले. मला या प्रकरणी विज्ञानेश्वराचा मार्ग अधिक ग्राह्य वाटतो, कारण तो आपल्याला थेट व्यवहाराकडे पाहावयास लावतो. आणि त्या काळचा त्या क्षेत्रातील व्यवहार पाहिला तर काय दिसते? चकत्यांना अक्षरांनी ओळखण्याची पद्धत आयबीएमच्या मोठ्या संगणकांवरील प्रणालीत आधीपासून होती. फाइलींची नक्कल करणाऱ्या ज्या प्रोग्रामला किल्डॉलने पिप असे नाव दिले तो नावासकट डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या यंत्रांवर रूढ होता. आज्ञांचे आणि संकेतांचे रूप हे सर्वांच्या वहिवाटीचे रान होते, त्याला कुंपण नव्हते, आणि किल्डॉल स्वतः त्याच रानातून वाट काढीत आला होता. लोकव्यवहाराने ज्याला स्वत्व म्हटले नाही ते घेतल्याबद्दल पॅटरसनला चोर म्हणणे न्यायाचे होणार नाही. त्याने आपले कारण उघडपणे सांगितले आणि स्वतःच्या श्रमाने लिहिले, हेही त्याच्या बाजूने नोंदविले पाहिजे.

आधुनिक न्यायासनालाही याहून पुढे जाता आलेले नाही. जावा भाषेतील अशाच प्रकारचे संकेत गूगलने आपल्या फोनच्या प्रणालीत घेतले, त्यावर ओरॅकल कंपनीने दावा लाविला, आणि तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २०२१ साली निकालात निघाला. सहा विरुद्ध दोन मतांनी निर्णय झाला तो असा की, ते संकेत घेणे हा रास्त वापर होय. पण अशा संकेतांवर स्वामित्व मुळात असू शकते की नाही, हा मूळ मुद्दा न्यायालयाने वादापुरता ते असते असे गृहीत धरून बाजूस ठेविला.

येथपर्यंत आल्यावर प्रकरण मिटले असे कोणी म्हणेल. पण मला तसे वाटत नाही. जे घडले त्यात काहीतरी अनुचित झाले ही भावना एवढ्याने शमत नाही, आणि ती केवळ पराभूताविषयीची सहानुभूती आहे असे मानावयास मी तयार नाही. या ठिकाणी आपल्याकडे एक उत्तर फार लवकर ओठांवर येते, ते म्हणजे निष्काम कर्माचे: त्याने कर्म केले, फळाची आसक्ती त्याने धरावयास नको होती. हे उत्तर मला या प्रसंगी केवळ अपुरे नव्हे, तर अनुचित वाटते. फलासक्ती सोडण्याचा उपदेश कर्त्याने आपल्या अंतःकरणास करावयाचा आहे. ज्याने फळ घेतले त्याने तो कर्त्याला ऐकवावयाचा नाही. ज्याच्या घरी दुसऱ्याच्या श्रमाचे धान्य आले आहे त्याच्या मुखी वैराग्याची भाषा शोभत नाही, आणि गीतेचा असा उपयोग करणाऱ्यांनी तिला शोषणाची साक्षीदार करून सोडिले आहे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

स्वत्व आणि वैराग्य यांखेरीज तिसरी एक कल्पना आपल्या परंपरेत आहे, ती ऋणाची. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतः तीन ऋणे घेऊन येतो असे सांगितले आहे, देवांचे, पितरांचे आणि ऋषींचे. यांतील ऋषिऋण हे आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने विलक्षण आहे. ऋषींनी मंत्रांवर मालकी सांगितलेली नाही. ज्ञान हे दिल्याने घटत नाही हे त्यांना ठाऊक होते. तरीही घेणारा ऋणी होतोच. म्हणजे ऋण हे देणाऱ्याच्या स्वत्वातून जन्मत नाही, घेणाऱ्याच्या प्राप्तीतून जन्मते. मालक नसतानाही देणेकरी असू शकतो. हा भेद एकदा लक्षात आला म्हणजे सीपी/एमच्या प्रकरणातली गाठ सुटू लागते: त्या क्रमांकांवर किल्डॉलचे स्वत्व नव्हते, म्हणून ते घेण्यात चोरी नव्हती, परंतु ते ज्याने ज्याने घेतले तो ऋणी झाला, आणि जितके फळ मोठे तितके ऋण मोठे.

हे तत्त्व केवळ पुस्तकी नाही याचा पुरावा किल्डॉलच्याच चरित्रात आहे. १९७३ साली, सीपी/एमच्या अगदी आगेमागे, त्याने प्रोग्रामचे विश्लेषण करून त्याची कार्यक्षमता वाढविण्याची एक सर्वसामान्य पद्धत एका निबंधात मांडली. ती आजही कंपायलरशास्त्राच्या अभ्यासक्रमात शिकविली जाते, जगातील असंख्य प्रोग्रामांत वापरली जाते, आणि तिच्यासाठी त्याला वा त्याच्या वारसांना कोणी एक कपर्दिकही देत नाही. पण तीत कोणाला अन्याय दिसत नाही, आणि किल्डॉलनेही कधी तशी तक्रार केली नाही. कारण विद्येच्या क्षेत्रात ती पद्धत त्याच्या नावाने ओळखली जाते, आणि वापरणारा ते नाव उच्चारून वापरतो. एकाच मनुष्याच्या एकाच काळातल्या दोन निर्मिती. दोन्ही सर्वांनी घेतल्या. एक घेताना विद्वानांनी ऋण मान्य केले, दुसरी घेताना बाजाराने ते मान्य केले नाही. बाजाराच्या दप्तरात दोनच रकाने असतात, मालकीचे आणि बेवारशी. जे मालकीचे नाही ते बेवारशी समजून उचलावे आणि त्यावर आपला शिक्का मारावा, याला तेथे दोष मानीत नाहीत.

ऋण नाकारण्याने होणारी हानी धनाची नसते. १९९१ साली किल्डॉलची कंपनी नॉव्हेल या दुसऱ्या कंपनीने घेतली तेव्हा तो काही दरिद्री नव्हता. त्याच्या कंपनीने चित्रमय पडद्याची प्रणाली काढिली होती, एका संपूर्ण विश्वकोशाला सीडी-रॉमवर आणण्याच्या उद्योगात तो अग्रभागी होता, सार्वजनिक दूरचित्रवाणीवरील ‘कॉम्प्युटर क्रॉनिकल्स’ या कार्यक्रमात तो लोकांना हे शास्त्र समजावून सांगत असे. पण लोकांच्या स्मरणात त्याची आकृती उरली ती आयबीएमची माणसे दारात आली असता विमान उडवीत बसलेल्या बेफिकीर गृहस्थाची. त्या दिवशी तो विमानाने गेला होता हे खरे, परंतु तो कामानिमित्त गेला होता आणि दुपारी परत आला होता. आख्यायिकेला एवढा तपशील पुरेसा रुचकर नसल्याने तिने तो गाळून टाकिला. ज्याच्या विचारावर एक सबंध व्यवसाय उभा राहिला, त्याला त्याच व्यवसायाने संधी दवडणाऱ्याचा दृष्टान्त म्हणून वापरावे, हे मला कोणत्याही आर्थिक नुकसानीपेक्षा अधिक क्रूर वाटते. आपल्या आठवणी त्याने लिहून ठेवल्या आणि निकटवर्तीयांत वाटल्या. १९९४ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, तो वारला. त्या आठवणींचा काही भाग कुटुंबीयांच्या संमतीने २०१६ साली लोकांपुढे आला.

मग हे ऋण फेडावयाचे कसे? शास्त्राने ऋषिऋणाची फेड सांगितली आहे ती दक्षिणेने नव्हे, अध्ययनाने. शतपथ ब्राह्मणात तर असे म्हटले आहे की, ज्याने अध्ययन केले तो ऋषींच्या ठेव्याचा रक्षक होतो. या दृष्टीने पाहता पॅसिफिक ग्रोव्ह येथे २०१४ साली किल्डॉलच्या कंपनीच्या जुन्या घरासमोर बसविलेल्या फलकापेक्षा त्याच वर्षी घडलेली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते: कॅलिफोर्नियातील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने सीपी/एमच्या आरंभीच्या आवृत्त्यांचा मूळ सोर्स कोड अभ्यासकांना खुला केला. पुढे २०२२ साली त्या प्रणालीचे हक्क ज्यांच्याकडे आले होते त्यांनी, ती कोणीही वापरावी, बदलावी आणि इतरांस द्यावी, असे लेखी स्पष्ट केले. आज हौसेने जुन्या प्रक्रियकांभोवती लहान यंत्रे बांधणारी माणसे अनेक देशांत आहेत. ती त्या सतरा कामांची यादी पुढे ठेवतात, आपल्या यंत्राला साजेल असा बायोस स्वतः लिहितात, अडले म्हणजे किल्डॉलच्या मूळ ओळी वाचून आत काय चालले आहे ते समजून घेतात, आणि आपण लिहिलेले पुन्हा दुसऱ्याला नावानिशी देतात. ज्या कंपन्यांनी त्या संकेतांवर संपत्ती उभारली त्यांचे देणे या माणसांनी फेडता येण्याजोगे नाही, आणि ते त्या कंपन्यांच्या खात्यावर बाकीच राहील. पण स्वतःच्या वाट्याचे ऋण मात्र ही माणसे रीतसर फेडीत आहेत.